लिंबावरची गुळवेल आणि हरवलेली मात्रा

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की वाटेत पाली लागतं. शेजारी बिंदुसरेचं धरण, पलीकडे बालाघाटाच्या उघड्या टेकड्या आणि बांधाबांधावर लिंबाची झाडं. कडुनिंबाला आमच्याकडे नुसतं लिंबच म्हणतात. त्यांतल्या एखाद्या झाडावर तरी गुळवेल चढलेली असते. पिंपळासारखं पान, करंगळीपासून अंगठ्याएवढी जाड वेल, तिच्यावर कागदासारखी सुटणारी साल, सालीखाली हिरवा थर आणि फांद्यांवरून दोऱ्यांसारखी लोंबणारी मुळं. २०२० साली या वेली मी ओरबाडलेल्या पाहिल्या. शहरातून गाड्या घेऊन आलेली माणसं पोत्यात भरून नेत होती. गावातली माणसंही रोज सकाळी काढ्याचं पातेलं चुलीवर चढवत होती.

गुळवेल तोडल्याने मरत नाही. जमिनीपासून कापली तरी वर लटकलेला तुकडा मुळं खाली सोडतो आणि पुन्हा माती धरतो. म्हणूनच संस्कृतात तिला छिन्नरुहा म्हणतात, कापल्यावर वाढणारी. दोन पावसाळ्यांत लिंबावरच्या वेली परत आल्या. पण त्या वेलीसोबत पूर्वी घरात जो हिशोब नांदत होता, म्हणजे किती द्यायची, कुणाला द्यायची, किती दिवस द्यायची आणि कधी थांबायचं, तो परत आलेला नाही. परंपरा म्हणून आज आपण जे घोटतो आहोत त्यात वनस्पती शिल्लक आहे आणि ज्ञान गळून पडलं आहे.

आमच्या घरी ताप आला की आजी लिंबावरची गुळवेल आणायला सांगायची. चार बोटं लांबीचा तुकडा, त्याहून जास्त नाही. साल खरवडून, ठेचून तो पाण्यात उकळायचा. पाणी आटून थोडंसं उरलं की त्यात सुंठ आणि खडीसाखर. मोठ्याला अर्धी वाटी, लहान्याला चमचा-दोन चमचे. गर्भार असलेल्या सुनेला ती देत नसे. ताप उतरला की काढा बंद. तीन दिवसांत उतरला नाही तर आजी चौथ्या दिवशी काढा करत बसत नसे, ती आजोबांना बीडला न्यायला लावायची, सिव्हिलमध्ये. शिकलेली नव्हती, पण आपल्या औषधाची हद्द तिला माहीत होती. परंपरेचा हा भाग आपण सांगताना नेहमी वगळतो. घरगुती औषधातच ‘आता माझ्याच्याने होणार नाही, पुढे न्या’ हा टप्पा होता.

ग्रंथांतही तेच आहे. शार्ङ्गधराने काढ्याचं प्रमाण दिलं आहे, औषधाच्या सोळापट पाणी आणि आटवून आठवा हिस्सा. आजच्या भारतीय आयुर्वेदिक औषधकोशातही गुळवेलीच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम अशी नोंदलेली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, नीट योजलेलं विषही औषध ठरतं आणि चुकीचं योजलेलं औषधही विषासारखं वागतं, अशा अर्थाचं स्पष्ट विधान आहे. ज्या औषधाची ओळख नाही ते शस्त्र, अग्नी आणि विजेइतकं घातक, असंही तिथेच म्हटलं आहे. आयुर्वेदाचा आधार घेऊन ‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो’ असं जो सांगतो, त्याने आयुर्वेद उघडून पाहिलेला नाही.

खरं तर ग्रंथांकडे जायचीही गरज नाही, आपली भाषाच पुरेशी साक्ष देते. बिब्बा ‘उततो’ असं आपण म्हणतो. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं, की कुणाच्या अंगावर फोड येतात, आग होते, कातडी सुजते. दुसऱ्या कुणाला त्याच बिब्ब्याने काही होत नाही. या अनुभवासाठी मराठीत रोजच्या वापरातलं एक क्रियापद आहे. एखाद्या वनौषधीच्या दुष्परिणामाला रोजच्या बोलण्यात जागा आहे, याचा अर्थ इथल्या माणसांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. एकाला चालतं ते दुसऱ्याला उततं, हेही ठाऊक होतं. चालू कामात मोडता घालणाऱ्याला आपण ‘बिब्बा घातला’ म्हणतो, ते उगाच नाही. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देणारी बाई कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही हे विचारून मगच सुई तापवायची. कायद्यानेही बिब्ब्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई-१ मध्ये, धोत्रा, गुंज, बचनाग आणि कुचल्यासोबत ठेवलं आहे. ही द्रव्यं असलेली पोटात घ्यायची औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा वेष्टनावर लागतो.

सीताफळाचंही तसंच. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ ही बीडची ओळख, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावण्याची पद्धत जुनी आहे आणि उवा खरोखर मरतात. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. नेत्रतज्ज्ञांकडे असे रुग्ण येतात आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्या नोंदी आहेत. पोरीच्या डोक्याला ही पूड लावण्याआधी तिच्या डोळ्यांवरून फडकं घट्ट बांधणारी आई परंपरा पाळत होती. फडकं विसरून नुसती पूड लावणारी अर्धीच परंपरा पाळते, आणि अशी अर्धी परंपरा डोळ्यावर बेतते.

बिब्ब्याची भीती टिकली, कारण तो लगेच उततो. गुळवेलीचं तसं नाही. ती कडू आहे, पण तोंडाला किंवा कातडीला काही करत नाही. तिची अमृता, अमृतवेल ही नावंही धोक्याचा विचार मनात येऊ देत नाहीत. म्हणून तिच्याबाबत जास्त काळजी हवी.

या वनस्पतीत औषधी गुण आहेत का? आहेत, आणि ते तपासण्याचं मोठं काम मुंबईतच झालं आहे. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधन केंद्र उभारलं आणि तिथल्या गटाने गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. पित्ताच्या मार्गात अडथळा येऊन कावीळ झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केली की त्यांतले बरेच जंतुसंसर्गाने दगावत. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ३० रुग्णांच्या अभ्यासात काहींना नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिली गेली, दर किलो वजनामागे दिवसाला १६ मिलिग्रॅम. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात ४० टक्के होतं आणि गुळवेल मिळालेल्या गटात ९२ टक्क्यांच्या वर. अभ्यास लहान होता, पण त्यातली शिस्त पाहा. रुग्ण कोण ते ठरलेलं, वनस्पती ओळखलेली, मात्रा वजनावर मोजलेली, सोबत सर्जन आणि रोजच्या तपासण्या. आजीच्या ‘चार बोटं तुकड्या’चं हे प्रयोगशाळेतलं रूप होतं.

त्याच मुंबईत २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. सर्वांना कावीळ, सर्वांच्या यकृताला इजा, आणि सर्वांनी कोरोनाच्या भीतीने गुळवेल घेतलेली. काहींना आधीपासून थायरॉइड, मधुमेह असे आजार होते. त्यांतला एक रुग्ण गेला. २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’मध्ये ही प्रकरणं प्रसिद्ध झाली. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. बहुतेकांचं यकृत, गुळवेल बंद केल्यावर आणि काहींच्या बाबतीत स्टेरॉइडसारखी औषधं दिल्यावर, सुधारलं. डॉक्टरांचा निष्कर्ष असा की गुळवेल शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला चेतवते आणि ज्यांच्या शरीरात ही यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती दडलेली असते, त्यांच्यात ती प्रवृत्ती उघडी पडते.

४६ दिवस हा आकडा माझ्या मनातून जात नाही. आमच्या घरातला काढा तिसऱ्या दिवसाच्या पुढे कधी गेला नाही. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये कोरोनासाठी जी उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यातही गुडूची (म्हणजे गुळवेल) घनवटी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा महिनाभर, अशी मुदत होती. मुदत कागदावर होती, पण लोकांपर्यंत गुळवेल पोचली आणि मुदत वाटेत पडली. गावातल्या मोबाइलवर फिरलेल्या संदेशांत ‘रोज उपाशीपोटी घ्या’ एवढंच होतं, आणि रोज म्हणजे कायमचं असंच माणसं समजली. तापावरचं औषध ताप नसलेल्या माणसाने दोन-दोन महिने घेणं, ही आमच्या घरच्या परंपरेत न बसणारी गोष्ट होती.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांचं म्हणणं दिशाभूल करणारं ठरवलं. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे, मात्र तिच्यासारख्या दिसणाऱ्या, तिच्याच कुळातल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीने अपाय होऊ शकतो. मंत्रालयाच्या बाजूने एक मुद्दा मान्य करावाच लागेल. देशभर लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि नोंदले गेलेले रुग्ण मोजकेच. म्हणजे अपाय विरळ आहे. पण वनस्पती चुकली असेल हे उत्तर मला दिलासा देणारं वाटत नाही. पालीच्या बांधावरून वेल तोडून नेणाऱ्या बीडच्या माणसाला त्या दोन जातींतला फरक कोण शिकवणार होतं? क्रिस्पाच्या खोडावर जास्त गाठी आणि फोड असतात, हे वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात ठीक आहे. बाजारात वेल येते ती वाळवून, तुकडे करून किंवा पूड होऊन, आणि पुडीला ना पान असतं ना गाठी. आपल्याकडे वासनवेल, पहाडवेल या वेलीही त्याच गुडूची कुळातल्या, पानं बऱ्यापैकी सारखी. मंत्रालयाचं म्हणणं खरं असेल तर ओळखीची जबाबदारी दुप्पट वाढते. ती जबाबदारी घेणारं कुणी नसताना ‘सुरक्षित आहे’ म्हणणं अर्धवट आहे.

आणि व्यापार किती मोठा आहे? ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांच्या संस्थेला मोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आल्याचं २०२१ मध्ये केंद्र सरकारनेच जाहीर केलं होतं. त्या तरुणांचा मला अभिमान वाटतो. जंगल ओळखणाऱ्या हातांना दाम मिळावाच, आणि ओळखही त्यांच्याकडेच पक्की आहे. पण एका तालुक्यातून ३५० टन उचलणाऱ्या बाजारात प्रत्येक पोत्याची तपासणी कुठे होते, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. वैदूकडून घेतलेलं औषध लागलं नाही तर माणूस त्याच्या पालावर जाऊन भांडू शकत होता. आज पुडी देणाऱ्या किराणा दुकानदाराशी कुणी काय भांडावं?

यातला सगळ्यात चुकीचा शब्द मला ‘इम्युनिटी बूस्टर’ वाटतो. प्रतिकारशक्ती म्हणजे घागरीतलं पाणी, भरेल तितकं चांगलं, अशी समजूत त्या शब्दाने पसरवली. आमच्या भागातल्या कापूस लावणाऱ्या माणसाला यातली चूक एका वाक्यात समजते. युरिया जास्त झाला की कापूस माजतो, झाड हिरवंगार छातीएवढं होतं आणि बोंडं धरत नाही, वर रसशोषक किडीही त्याच झाडावर जास्त येतात. पिकाला खत किती, कधी, कुठल्या अवस्थेत, हे जो काटेकोर पाहतो, तोच माणूस स्वतःच्या शरीराच्या बाबतीत ‘जास्त घेतलं तर काय बिघडतं’ म्हणतो. संधिवात, सोरायसिस, थायरॉइडचे काही प्रकार, काही मुलांना होणारा मधुमेह, या आजारांत प्रतिकारयंत्रणा कमी पडलेली नसते, ती माजलेली असते. अवयव बदललेल्या माणसाला तर ती दाबून ठेवायचीच औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. अशा माणसाने शेजारणीच्या सांगण्यावरून रोज गुळवेल घेणं धोक्याचं आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यालाही साखर खाली जाण्याचा धोका असतो, कारण गुळवेल साखर उतरवते. तिचा गुण आणि तिचा धोका एकच आहे, फक्त माणूस बदलतो.

पालीतच ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था आहे. एचआयव्हीबाधित मुलांचं ते घर आहे, दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्याने उभं केलेलं. प्रतिकारशक्ती या शब्दाचा खरा अर्थ अशा घरात कळतो. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आवरणाऱ्या औषधांची, गोळी ठरल्या वेळी, न चुकता, वजनाप्रमाणे बदलत जाणारी, आणि अधूनमधून रक्ताची तपासणी, यावर एचआयव्हीबाधित मूल वाढतं. नागपुरात एचआयव्हीबाधितांवर गुळवेलीच्या अर्काची चाचणी झाली होती, ६८ रुग्णांवर, सहा महिने. २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गुळवेल मिळालेल्यांपैकी ६० टक्क्यांनी त्रास कमी झाल्याचं सांगितलं, नुसती खोटी गोळी मिळालेल्यांत २० टक्क्यांनी. त्याच चाचणीत हिमोग्लोबिन उतरल्याचंही दिसलं. पूरक म्हणून उपयोग होऊ शकतो, असं संशोधक म्हणाले. मूळ उपचार सोडून गुळवेल घ्या असं कुणीही म्हटलं नव्हतं. चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच कागदावर लिहिलेलं असतं, तेव्हाच औषधाची खरी माहिती मिळते.

यावर गावात मला नेहमी एक उत्तर मिळतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी काय लिव्हर खराब होत नाही? होतं. क्षयाच्या गोळ्यांनी होतं, पॅरासिटॅमॉल अतोनात घेतली तर होतं. पण त्या गोळीच्या पाकिटावर नाव असतं, मात्रा असते, बॅच क्रमांक असतो. क्षयाच्या रुग्णाला डोळे पिवळे दिसले तर लगेच या, असं आधी सांगितलेलं असतं. गुळवेलीलाही मी तेवढंच मागतो.

दुसरं उत्तर मात्र मला गप्प करतं. आमच्याकडची माणसं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, एक दिवस पडून राहिलं की खाडा बसतो. फडावरच्या कोपीत तापाने फणफणलेली बाई दवाखान्यात जाणार कधी आणि पोरं कुणापाशी ठेवणार? तिच्या गाठोड्यात वाळलेली गुळवेल असते, तीच उकळून पिते आणि पहाटे पुन्हा मोळ्या बांधायला जाते. तिला परंपरेचं कौतुक सांगणं अन्यायाचं आहे आणि दटावणं त्याहून अन्यायाचं. तिच्यासाठी गुळवेल ही निवड नाही, दवाखान्याची जागा तिने घेतली आहे. फडावर फिरता दवाखाना आणि ताप तपासायची सोय, ही जबाबदारी कारखान्यांची आणि सरकारची आहे. तो ताप डेंग्यूचा असू शकतो, मलेरियाचा असू शकतो, आणि काढ्यावर काढलेले चार दिवस महागात पडू शकतात.

जे करता येण्यासारखं आहे, त्याला फार पैसा लागत नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीएएमएस झालेले कितीतरी वैद्यकीय अधिकारी आहेत. गुळवेलीची मात्राही त्यांना शिकवलेली आहे आणि यकृताची तपासणीही. केसपेपर लिहिताना त्यांनी ‘झाडपाल्याचं काही घेता का, कधीपासून?’ एवढं विचारलं पाहिजे आणि ऐकून रागावता कामा नये. आज माणसं सांगत नाहीत, कारण सांगितलं की बोलणी बसतात. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा आहे, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे तिचं समन्वयाचं काम आहे. तालुक्यातून नोंदी गेल्याच नाहीत तर वरचे कागद कायम कोरे राहतील आणि कोऱ्या कागदाचा अर्थ ‘अपाय नाही’ असा लावला जाईल. आशाताईंना घरोघरीचे काढे माहीत असतात. त्यांच्या प्रशिक्षणात या विषयाला एक तास द्यावा.

घरात गुळवेल असेल तर ती फेकून द्या असं मी म्हणणार नाही, आमच्या लिंबावरही ती आहे. पण ओळख पक्की नसेल तर घेऊ नका. ताप नसताना, महिनोन्‌महिने घेऊ नका. गर्भार बाईला, यकृताचा, संधिवाताचा किंवा थायरॉइडचा आजार असलेल्याला, साखरेच्या गोळ्या चालू असलेल्याला डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. काढा घेताना लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, जेवण नको वाटू लागलं, अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि दवाखान्यात जा. जाताना त्या वेलीचा एक तुकडा, पान असेल तर पानासकट, पिशवीत घालून सोबत न्या.